सरदारांच्या म्यानावरचं फूल

जुंपली दोन भावांची, आणि घाम गाळायची पाळी आली आमच्या ह्यांच्यावर.

झालं काय, धाकट्यानं शेताच्या वाटेवर कुंपण घातलं. थोरल्याला सगळं गाव सरदार म्हणायचं, म्हणजे तोंडावर. ते खापरपणजोबांची तलवार काखेत मारून आमच्या दुकानात आले. म्हणाले, "मूठ, म्यान, सगळं लखलखीत कर. रविवारी ही उपसतो नि कुंपण तोडतो. मध्ये आला तर त्यालाही."

"एकदा उपसून तरी दाखवा," मी म्हटलं.

"उगाच उपसायची नसते ही. रक्त चाखल्याशिवाय म्यानात परत जात नाही." आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच लढाईतून पळून आले होते.

आमचे हे पितळेचं काम करतात. चार दिवस मान मोडून बसले. मुठीवरची वेलबुट्टी मळानं बुजली होती, ती चिंचेच्या पाण्यानं एकेक पान करून मोकळी केली. म्यानाच्या तोंडाशी मोठं फूल होतं, ते काढलं तर खाली खिळा. म्यानातून, पात्यातून, आरपार. खिळा उपटून पातं बाहेर काढलं, तर त्यावर ना खाच ना ओरखडा. लढाई कसली, भाजीसुद्धा चिरली नव्हती तिनं. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

तेवढ्यात मागच्या दारानं सरदारांची बायको आली.

"भावजी, खिळा सापडला ना? मला सासूनं सांगितलं होतं, तिला तिच्या सासूनं. पुरुषांना कुणी सांगितलं नाही. तो परत ठोका."

"अहो वहिनी, पण..."

"ह्यांना राग आला की समोर कोण आहे ते दिसत नाही. धाकट्या भावजींची लेकरं लहान आहेत हो." माझं हसू जागच्या जागी विरलं. ह्यांनी पातं म्यानात सरकवून खिळा ठोकला आणि वर फूल बसवलं.

रविवारी अख्खं गाव वाटेवर जमलं. धाकटा कुऱ्हाड घेऊन उभा. सरदारांनी मूठ धरून हिसका दिला. तलवार हलेना. म्यान गुडघ्यांत दाबून ओढली, तोंड लालबुंद झालं, तरी ढिम्म. शेवटी धाकट्याला बघवेना. कुऱ्हाड टाकून तो म्हणाला, "दादा, थांब, म्यान मी धरतो."

आणि धरलं की त्यानं! दोघांनी असा जोर लावला, की दोघंही मातीत बसले. लोक हसून हसून बेजार. धाकटाही हसला आणि उठून त्यानंच गाडी जाईल एवढं कुंपण मोडून दिलं.

सोमवारी सकाळी सरदार दुकानात हजर. आता आपली धडगत नाही, म्हणून मी ह्यांच्या मागे सरकले. सरदारांनी दार लोटलं, तलवार पुढ्यात ठेवली आणि हळूच म्हणाले,

"कालच्या ओढाताणीत खिळा जरा ढिला झालाय. पक्का ठोकून दे. आणि आमच्या घरी बोलू नकोस, तिला वाटतं मला माहीत नाही."