बिनधुराचे निखारे

जमीन विकली गेली, तिथं टोलेजंग इमारत उभी राहिली आणि बाराव्या मजल्यावर राजेशला घर मिळालं. त्याच्या आईचं, जयवंताचं, कुंभिवलीतलं कौलारू घर सुटलं; पण बाळंतिणीचा शेक काही सुटला नाही. सून हर्षला तान्ह्या लेकीला घेऊन घरी आली, तशी जयवंता रोज सकाळी तिच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवू लागली.

निखारे आधी गॅलरीत फुलवायचे, धूर पार जाऊ द्यायचा, मगच शेगडी आत. "धूर नाय, मग धास्ती कसली?" थोरल्या नातीला, रियाला, ती सांगे.

एवढ्या उंचावर वारा फार. लावलेल्या खिडकीच्या फटीतूनही शीळ घालत यायचा. जयवंता त्याला शिव्या मोजायची. घर तोच राखत होता, हे तिला कुठं ठाऊक!

थंडीतल्या एका सकाळी वारा पडला. धुकं खिडकीला चिकटून बसलं आणि खालच्या कारखान्याचा करपट वास त्यात कोंडला. जयवंतानं खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या आणि शेगडी खाटेखाली सरकवली.

"आई, डोकं लई ठणकतंय. जरा उघडा ना," हर्षला म्हणाली.

"येडी का गं तू? बाहेरचं इख पोरीच्या छातीत घालू? नीज जरा, उतरंल."

रियानं दप्तर पाठीला लावलं. "आजी, गावच्या घरात धूर कौलांतून जायचा. इथं कुठून जातो?"

"धूर हाय कुठं, भवाने? चल, बस चुकंल."

धुक्यामुळं बसला उशीर झाला. रियाला बसमध्ये बसवून जयवंता वर आली, तर घर कसं ऊबदार, शांत. मायलेकी झोपल्यात म्हणून ती पाय न वाजवता शेगडी काढायला वाकली. हर्षलाचा हात खाटेवरून लोंबत होता. बाळ गुलाबी दिसत होतं, पण त्याची छाती हलत नव्हती.

तिनं चिंध्या उपसल्या, खिडक्या उघडल्या, हाका मारत पदरानं वारा घातला. बाहेरचं धुकं जागचं हललं नाही.

दुपारी दवाखान्यात हर्षलानं डोळे उघडले. बाळानं उघडले नाहीत. निखाऱ्यांच्या विषाला रंग नसतो, वास नसतो, डॉक्टर राजेशला सांगत होते.

"आई, बाळ कुठाय?" हर्षलानं विचारलं.

जयवंता खिडकीकडं वळली. बाहेर वारा सुटला होता, पडदा फडफडत होता. नर्स खिडकी लावायला आली, तसा जयवंतानं तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे, बाय. उघडी ऱ्हाऊ दे."