खिळवून ठेवणारा सिनेमा

दिल्लीच्या सरकारी नोकरीत गुणवंतरावांनी तीस वर्षं फायली न उघडताच शेरे मारले होते. मराठी मंडळाच्या अंकासाठी सिनेमाचं परीक्षण लिहिणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. नातीबरोबर फुकट पासावर पाहिलेल्या ड्रॅगनच्या सिनेमावर त्यांनी ठोकून दिलं, “मुलांच्या लाडक्या पुस्तकमालेला पुरेपूर न्याय देणारा, आबालवृद्धांना खिळवून ठेवणारा चित्रपट!”

मालेतली सातही पुस्तकं कोळून प्यायलेली, पण मराठीत अडखळणारी शाल्मली म्हणाली, “आजोबा, खिळवून म्हणजे?”

“म्हणजे माणूस जागचा हलत नाही.”

“अच्छा! मग बिल्कुल बरोबर लिहिलंय. तुम्ही घोरत होतात, मी तीनदा हलवलं, पण जागचे हललाच नाहीत!”