म्हसोबाची खोळ

तुळजाबाईचा पुतणीवरचा राग आजचा नव्हता. मोठ्या दिरांची ही मुलगी शिवकन्या पुण्यात शिकली आणि पुढं नॉर्वे नावाच्या देशाच्या पार वरच्या टोकाला जाऊन तीन हिवाळे हरणांचा अभ्यास करत त्यांच्यामागं हिंडली. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा आली नाही, आजी गेली तेव्हाही आला तो फोनच. आणि आता भर दुष्काळात, वडवणीजवळच्या या गावात, डोक्याला टोपी घालून ती चारा छावणीत उभी होती आणि काकूच्या म्हशीच्या डोळ्यांपुढं बोटं हलवत होती.

“काकू, हिला दिसत नाही.”

“तुला दिसतंय ना? बास झालं.”

छावणी गावच्या दूध संघानं उघडली होती आणि तिथं संघाचे चेअरमन मोहनराव यांचा शब्द चाले. हिरव्या जाळीखाली जनावरांच्या रांगा, मधोमध सिमेंटचा लांब हौद, आणि एक दिवसाआड येणारा टँकर. हौदालगतची दावण मानाची. तिथं बांधलेल्या जनावरानं नुसती मान वळवली की पाणी. ती जागा तुळजाबाईच्या चंद्रीला मिळाली होती, आणि का मिळाली हे गावाला ठाऊक होतं.

शिमगा झाल्यावर उन्हानं म्हसोबाची खोळ सुटली. पिढ्यान्‌पिढ्या दर अमावास्येला तेलात कालवलेला शेंदूर त्या दगडावर थापला जाई. थरावर थर चढून त्याचं जाड कवच झालं होतं. एका दुपारी ते तडकलं आणि नाकडोळ्यांसकट, सुपाएवढं, अखंड खाली आलं. देवानं खोळ टाकली की ती वाहत्या पाण्यात सोडायची ही रीत, आणि ती डोक्यावरून न्यायचा मान तुळजाबाईच्या घराचा. पण नदीत वाळू तापलेली, विहिरींच्या कपारी उघड्या पडलेल्या. मोहनराव म्हणाले, पाऊस पडेपर्यंत देवळात ठेवू. तेव्हा तुळजाबाईच बोलली होती, “म्हसोबा म्हशींचा देव. म्हशींच्या हौदापरीस त्याला जवळचं पाणी कोणतं?” लोकांनी माना डोलावल्या. मोहनरावांनी नारळ फोडला, आणि तिनं आपल्या हातानं खोळ हौदाच्या तळाशी ठेवली. पुढं म्हशी तिथंच तोंड घालून चाटू लागल्या तेव्हा बाया म्हणाल्या, देव प्रसाद देतोय.

मग हौदाशेजारच्या दोन म्हशी पडल्या, त्यातली एक ताराबाईची. तोंडाला फेस, करकर दात खायच्या, खांबाला कपाळ लावून ढकलत राहायच्या. डॉक्टर आले, विषबाधा म्हणाले, रक्त घेऊन गेले. दोन्ही म्हशी मेल्या, रक्ताचा निकाल मात्र अजून यायचा होता. लोकांनी चाऱ्यातल्या उसाच्या वाढ्यांवर खापर फोडलं. आता चंद्रीनंही खांबाला कपाळ लावलं होतं.

“वाढे सगळ्यांनी खाल्ले,” शिवकन्या म्हणाली. “आजारी पडल्या त्या फक्त हौदालगतच्या. काकू, त्यात शेंदूर आहे ना?”

“देव हाय त्यात.”

“बाजारातला शेंदूर बहुतेक शिशाचाच असतो. भट्टीत शिसं जाळून करतात.”

“शिसं म्हंजी बंदुकीच्या गोळीतलं?”

“तेच.”

“मग आमी पिढ्यान्‌पिढ्या देवाला गोळ्याच घातल्या म्हण की!”

आजूबाजूच्या बाया खो-खो हसल्या. ताराबाईनं विचारलं, “आगं हरणाच्या डॉक्टरणी, तिकडं तुझ्या हरणांना कोणता शेंदूर लावत्यात?”

शिवकन्या हसली नाही. वर्गात सांगावं तसं सांगत गेली. “ती हिवाळ्यात दगडफूल खातात. आपण काळ्या मसाल्यात घालतो, त्याचंच भावंड. दगडफुलाला मुळं नसतात, ते हवेतून पडेल ते धरून ठेवतं. दूरदूरच्या कारखान्यांचा धूर वाऱ्यानं तिथवर जातो. त्यातलं शिसं, कॅडमियम दगडफुलावर बसतं, हरणाच्या पोटात जातं आणि कलेजी-गुर्द्यात साठतं. म्हाताऱ्या हरणाचा गुर्दा खाऊ नका, असं तिथं सांगतात.”

“आन् मग ती हरणं आंधळी व्हत्यात?” तुळजाबाईनं विचारलं.

“नाही. तिथं ते कणाकणानं जातं. इथं तुम्ही सुपानं वाढलंय.”

ते ‘तुम्ही’ तुळजाबाईच्या वर्मी लागलं.

संध्याकाळी दूध घालायला सगळे जमले तेव्हा शिवकन्या मोहनरावांसमोर उभी राहिली. हौद रिकामा करा, खोळ काढा, आणि रक्ताचा निकाल येईपर्यंत हौदालगतच्या म्हशींचं दूध संघात घालू नका, एवढंच ती म्हणाली. दुधाचं नाव निघालं तशी माणसं पिसाळली.

“टँकर तुझा बाप देतो का?” दूध घालायला आलेला बंकट ओरडला. “पाण्यापायी माणसं रात रात जागायलीत, आन् ही म्हणती वतून द्या!”

“ऐकलं का बे?” मोहनराव सगळ्यांकडं वळले. “म्हसोबानं म्हशी मारल्या म्हणती ही. का तुळजाबाईनं मारल्या? तुमच्या घरची पोर हाय, तुळजाबाई, तुमीच सांगा.”

सगळ्यांच्या नजरा तिच्याकडं आल्या. तुळजाबाईनं पदर खोचला.

“ही आमच्या घरची न्हाई. आमच्या घरची असती तर आजीच्या तोंडात पाणी घालाय आली असती.”

हशा झाला. कुणीतरी शेणाचा पो मारला, तो शिवकन्येच्या पाठीवर फुटला. ती वळून बघितल्यावाचून निघून गेली. तुळजाबाईला वाटलं, जिरली एकदाची.

दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही. दुपारपर्यंत हौदातलं पाणी खाली गेलं. दाव्याला धरून तुळजाबाईनं चंद्रीला हौदावर घेतलं. म्हशीला हौदाचा काठ दिसेना, गुडघे आपटले. पण तोंड खाली जाताच तिनं अचूक ती जागा गाठली. पाणी प्यायचं सोडून तिची जीभ खरखर तळावर फिरू लागली.

तुळजाबाईनं वाकून बघितलं. उथळ पाण्यात खोळ स्पष्ट दिसत होती. तिच्या लहानपणापासून तो चेहरा तिला पाठ होता. आता त्याला नाक नव्हतं. डोळे नव्हते. जिभांनी सगळं गुळगुळीत सपाट करून टाकलं होतं. तिनं चंद्रीचा जबडा धरून वर उचलला. जिभेवर शेंदूर होता.

ती तशीच बसून राहिली. कालची माणसं तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. आज कबूल केलं तर तीच माणसं उद्या शेण तिच्यावर मारतील. चंद्रीनं पुन्हा मान खाली घातली.

तुळजाबाईनं हौदाच्या बुडाशी हात घालून बुचाची चिंधी उपसली.

पाण्याचा आवाज दुष्काळात लांबवर ऐकू जातो. माणसं काठ्या घेऊन धावली. तोवर हौदाचा तळ उघडा पडला होता आणि पाणी धुळीत काळं होऊन पसरलं होतं.

“बाई, डोकं फिरलं का तुमचं?” मोहनराव ओरडले. “कावून केलं हे?”

“माझ्या हातानं घातलं, माझ्या हातानं काढते.”

“म्हंजी पोरगी खरं बोलत व्हती म्हणा की,” ताराबाई किंचाळली. “माझी म्हैस तू मारलीस!”

“मारली. आता चंद्रीला तरी जगू द्या.”

कुणी हात उचलला नाही, पण कुणी बाजूलाही झालं नाही. शिवकन्या बादली आणि रिकामी युरियाची गोणी घेऊन गर्दीतून आत शिरली. तिनं हौदात उतरायला पाय टाकला, तशी तुळजाबाईनं तिला अडवलं.

“हात लावू नको. मान आमच्या घराचा हाय.”

“मग गोणी हाताला गुंडाळून उचल. आणि खाली पडलेला कणही ठेवू नको.”

तुळजाबाईनं तसं केलं. खोळ पुरायला जागा मात्र कुणीच देईना. कुणी म्हणालं, आमच्या बांधावर नको. कुणी म्हणालं, आमच्या विहिरीजवळून नेऊ पण नका. शेवटी तिनं स्वतःच्या शेताचं नाव घेतलं.

“तिथं पुन्हा जनावर चारता येणार नाही,” पुतणी म्हणाली.

“तुला विचारलं न्हाई.”

मोहनरावांनी चंद्रीचं दावं खांबावरून सोडून जमिनीवर टाकलं. “हिला घेऊन जावा. छावणीत हिला आता वैरण न्हाई.”

तुळजाबाईनं खोळ डोक्यावर घेतली, दावं हातात घेतलं आणि ओढलं. चंद्री जागची हलेना. आंधळं जनावर अनोळखी वाटेला घाबरलं होतं. मागं माणसं हसायला लागली. तेवढ्यात शिवकन्येच्या हातातल्या बादलीची कडी वाजली, तसे चंद्रीचे कान तिकडं वळले आणि तिनं एक पाऊल टाकलं.

तुळजाबाईनं ते बघितलं. पुतणीकडं न बघता ती म्हणाली, “पुढं हो. बादली वाजवत चल. आन् बोलू नको माझ्याशी.”