पाठीमागचं इंजिन

"ते इंजिन वापस नेऊन टाका. त्यानं भाऊजींले खाल्लं," बनाबाई दारातूनच म्हणाली.

तिचा नवरा पंजाबराव ऐकून न ऐकल्यासारखा पाना फिरवत राहिला. विहिरींवरची तेलाची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. समोरच्या याच इंजिनाच्या धुरानं मागं विहिरीच्या तळाशी त्याचा धाकटा भाऊ पुंजाजी गुदमरून गेला. तेव्हापासून अमडापुरात त्या इंजिनाला कुणी हात लावत नव्हतं.

मग खामगावहून आणलेल्या एका मासिकात त्याला इटलीतल्या नव्या मोटारीचं चित्र दिसलं. कारखान्यानं प्रदर्शनात नुसता सांगाडाच मांडलेला, वर पत्र्याचा तुकडा नाही. इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागं, आडवं. बस, गडी खुळावला. मोडक्या जीपचा सांगाडा आणून त्यात हेच इंजिन बसवायला लागला.

"पण मांगं काऊन? लोकायच्या गाडीत तं समोर राह्यते."

"पुंजा मांगंच बसे ना."

बनाबाईच्या अंगावर काटा आला. खरंच होतं ते. पुंजाजी सायकलच्या कॅरिअरवर बसायचा, भावाच्या खांद्यावर हात ठेवून. देवीच्या टेकडीचा चढ आला की उतरून ढकलायचा. वर पोचल्यावर पंजाबराव म्हणायचा, "बस बे." मग मागचं चाक दबायचं.

गाडी निघाली त्या दिवशी सारं गाव हसायला जमलं होतं. बनाबाई तेवढी जवळ येऊन म्हणाली, "मसणातून येतानी पाह्यत नाही, तसं मांगं पाहू नका."

देवीच्या टेकडीच्या चढावर इंजिन दोनदा ठसकलं आणि बंद पडलं. पंजाबरावानं ब्रेक दाबायला पाय उचलला, पण गाडी मागं घसरलीच नाही. हळूहळू वर चढत राहिली. पाठीमागं कुणीतरी धापा टाकत होतं. ती धाप त्याच्या ओळखीची होती.

टेकडीवर गाडी थांबली. "बस बे" अगदी ओठांवर आलं. म्हटलं असतं तर गाडी मागून दबली असती, आणि पुंजा पुन्हा कधीच उतरला नसता.

"जाय आता, पुंजा," तो समोर पाहूनच म्हणाला. "लय ढकललं तू मले."

धाप थांबेपर्यंत तो बसून राहिला. मग गाडी तिथंच सोडून, मान न वळवता पायी घरी आला.

दारात बनाबाईनं पाण्याची बादली आधीच भरून ठेवली होती. त्यानं पाय धुतले, तिनं दिलेलं कडुनिंबाचं पान दाताखाली धरलं आणि आत गेला.