चार बोटं जास्त

"चार बोटं जास्त ठेव," तो म्हणाला.

"कशाला?"

"कापलेली नळी वाढत नाही."

"माझी उंचीही आता वाढायची नाही," बायको म्हणाली, आणि लाल पेनाने तिने ब्रेकच्या नळीवर आपल्या मापाची खूण केली. पेन ती रक्त काढायचं काम करते त्या दवाखान्यातला होता, रक्ताच्या बाटल्यांवर नावं घालायचा.

सायकल मागच्या खोलीत, जुन्या चादरीवर, दोन स्टुलांच्या आधाराने उभी होती. चाकं काढून भिंतीला टेकवली होती. पाण्याच्या मीटरचे आकडे टिपत तो एकोणतीस वर्षं सायकलवरून गावभर फिरला होता. लोकांच्या घरात शिरायचं, फक्त आकडा घ्यायचा आणि बाहेर पडायचं, असा हा धंदा. चहा विचारलाच कुणी, तर आकडा कमी टिपून घ्यायचा असतो म्हणून विचारतात, हे तो अनुभवाने शिकला होता. ही तिसरी सायकल, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची, निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्याने हौसेने घेतली. ती पुरती मुरायच्या आत, साडेसात महिन्यांपूर्वी, मेंदूतल्या एका शिरेने संप पुकारला आणि डावा हात कामावरून उतरला. पायाचं बरंच सावरलं. हाताबद्दल डॉक्टर "बघू" म्हणाले. या "बघू"चा अर्थ बायकोला तिथल्या तिथे कळला. त्यालाही कळला होता, पण त्याने तो अजून टिपून घेतला नव्हता.

मग दवाखान्याकडे जाणारी बस बंद झाली आणि बायको म्हणाली, सायकल पडूनच आहे. सायकलच्या दुकानदाराने सीट खाली घेतली, त्याचं उंच, रुंद हँडल काढून तिच्यासाठी बुटकं, अरुंद हँडल बसवलं. नळ्या मात्र जुन्याच मापाच्या राहिल्या आणि हँडलपुढे मोठ्या कमानी करून लोंबू लागल्या. काल त्यातली एक दवाखान्याच्या फाटकाच्या कडीत अडकली. बायको पडता पडता वाचली. दुकानदार म्हणाला, आठवडाभर ठेवून जा. हा म्हणाला, माझ्या ब्रेकना आजवर दुसऱ्याचा हात लागलेला नाही. आता दुसऱ्याचा हात लावल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, पण बायकोला दुसरं कोण म्हणतं!

"हँडल पूर्ण वळलं की नळी ताणली जाते," तो म्हणाला. "म्हणून चार बोटं."

बायकोने हँडल डावीकडे पूर्ण वळवलं, मग उजवीकडे. तिच्या खुणेपर्यंत नळी आरामात पुरत होती.

"ताणली?"

"थंडीत आक्रसते."

"अहो, काहीही काय!"

"तू तुझं रक्त बघ, मला माझं तेल बघू दे."

ती त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग तिच्या खुणेपासून चार बोटं सोडून त्याने जिथे अंगठा ठेवला होता, तिथे तिने पातं चालवलं. तुकडा चादरीवर पडला. काप इतका सरळ होता की त्याला नावं ठेवायला जागा सापडेना. तेलाचा थेंब आला तसं तिने नळीच्या तोंडावर बोट दाबलं.

"पुसून काढ. चाकाजवळच्या पट्ट्यांना तेल लागलं तर ब्रेक गेला."

"कापूस कुठे दाबायचा ते मला शिकवू नका."

पुढचं काम त्याचं. बायकोने नळी दोन लाकडी ठोकळ्यांत घट्ट धरली. त्याने पितळी कडी सरकवली, नळीच्या तोंडात पोकळ खिळा ठेवला आणि उजव्या हाताने हातोडी चालवली. तीन नेमके ठोके. खिळा आत बसला. साडेसात महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या हातून काहीतरी पहिल्या फटक्यात नीट झालं होतं. तो मागे टेकला.

बायकोने चादरीवरून एक नट उचलला.

"हा कुठे जातो?"

त्याने नटाकडे पाहिलं.

"नळीवर. आधी."

"आधी म्हणजे कशाच्या?"

"आत्ता ठोकलं ना, त्याच्या."

ठोकलेल्या तोंडावरून नट आता चढणार नव्हता. तेवढं टोक कापून पुन्हा पहिल्यापासून करायचं, एवढाच उपाय. नटाशिवाय खिळा ठोकणाऱ्या नवशिक्यांना त्याने आजवर मनातल्या मनात पुष्कळ नावं ठेवली होती. ती सगळी आता घरपोच आली.

"आमच्याकडे असं झालं ना," बायको म्हणाली, "की आम्ही पेशंटला सांगतो, तुमची शीर फार बारीक आहे."

तो हसला. हल्ली चेहऱ्याची एक बाजू आधी हसायची आणि दुसरी मागून यायची.

दुकानदाराने खिळ्या-कड्यांचे दोन जोड जास्तीचे दिले होते. अनुभवी माणूस. बायकोने पातं पुसून हातात घेतलं.

"टोकाचं एक बोट गेलं तर उरतात तीन," ती म्हणाली. मग नळीकडे बघतच तिने विचारलं, "तीन बोटांत जुनं हँडल बसेल का?"

जुनं हँडल कागदात गुंडाळून त्याने पलंगाखाली ठेवलं होतं. रोज झाडताना तिचा झाडू त्याला वळसा घालून जात असे, हे त्याला ऐकू यायचं.

"नाही बसणार," तो म्हणाला. "त्याला चार लागतात. तीही काटोकाट."

बाहेर कुणीतरी मोटार चालू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती होत नव्हती.

"दुकानात नवीन लांब नळी मिळत असेल," ती म्हणाली. "पुढेमागे लागलीच तर. आत्ता एकच बोट कापते. फाटकापाशी मी उतरून जाईन."

"रोज?"

"रोज."

ती खरोखर रोज उतरली असती. सुई पकडून पंचवीस वर्षं काढलेली बाई. पाच मिनिटं आधी निघाली असती आणि फाटकापाशी उतरली असती, आणि घरी येऊन त्यातलं अक्षरही बोलली नसती. एवढं त्याला वाचता येत होतं. मीटर सोडून त्याने आयुष्यात जे थोडंफार वाचलं, त्यात ही एक होती.

"पातं इकडे दे," तो म्हणाला. "तू नळी धर."

"अहो, मी कापते की."

"धर."

तिने धरली. त्याने पातं लाल खुणेवर टेकवलं आणि एकदाच दाबलं. काप जरा तिरका गेला. बायकोने तो पाहिला आणि मुकाट्याने केसभर छाटून सरळ केला.

"नट," ती म्हणाली.

"घालतोय."

मागच्या ब्रेकच्या नळीला खूण करताना ती थांबली, तेव्हा त्याने काही न बोलता तिचा पेन घेतला आणि तिच्याच मापावर स्वतः रेघ ओढली. त्यानंतर हवा काढणं. हँडलवरच्या ब्रेकच्या दांडीपाशी छोटी वाटी बसवून तेल भरलं. ती दांडी दाबी, सोडी, आणि वर येणारे बुडबुडे मोजी. यात तिला सांगण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं, म्हणून त्याने तीन वेळा "सावकाश" म्हटलं.

चाकं चढवून सायकल बाहेर काढली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

"एका बोटाने दाब," तो म्हणाला. "सगळा पंजा नको लावूस, तोंडावर पडशील."

ती एक फेरी मारून आली, दाराशी एका बोटावर थांबली, मान हलवली आणि पुन्हा निघाली. नट एकदा तपासायला हवा होता, दाब आला की तेल पाझरतं का ते. तिला थांबवायला त्याने हात वर केला. तिला वाटलं, निरोप देतोय. तिने एक हात सोडून त्याला उलट हात केला, हँडल पूर्ण वळवून कोपऱ्यावरून वळली आणि दिसेनाशी झाली.

तो तसाच उभा राहिला. वर केलेला हात खाली यायला थोडा वेळ लागला, आणि तो तर चांगला हात होता.