दिबानची कॉफी

वस्फीनं त्या दिवशी दिबानला कॉफी प्यायला नको होती. बाकी त्याचं सगळं मी माफ केलंय, ही कॉफी तेवढी घशाखाली उतरत नाही.

वस्फी म्हणजे आमच्या सल्त गावच्या शाळेतला भूगोलाचा मास्तर. आता निवृत्त. आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी जन्मभर सल्त ते दमास्कस टॅक्सी चालवली, त्यानं जन्मभर फळ्यावर नद्या काढल्या. आमचं एकमत होतं ते एकाच बाबतीत, त्याच्या बापाची पांढरी मर्सिडीज. जुनी, सहा सिलिंडरची, आणि कार्ब्युरेटर नाही, इंजेक्शन, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारायला वेगळा पंप. बापानं घेतली तेव्हा अख्ख्या सल्तमध्ये तशी दुसरी नव्हती. पुढं डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी वस्फी मुलाकडे जर्मनीला गेला आणि तिकडेच लांबला. गाडी शेडमध्ये, टाकीत पेट्रोल तसंच. परत येऊन चावी फिरवली, तर गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली.

ऑपरेशनचाही काही उपयोग झाला नव्हता. काचबिंदू. नजर कडेकडेनं मिटत चालली होती. डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं, हिवाळा आला की स्टिअरिंगला हात लावायचा नाही. तेव्हा आमच्याकडे बदाम फुलले होते, आधीचा हिवाळा नुकताच सरला होता.

"एकदाच, अबू तैसीर," वस्फी मला म्हणाला. "वादी शुऐबच्या रस्त्यानं खाली खोऱ्यापर्यंत मला स्वतः चालवत न्यायचीय. बापानं मला तिथंच शिकवली. एकदा नेली की मग डोळे जाऊ देत कुठं जायचे ते."

"डोळे कुठं जातायत? तुझ्यासारखे तेही आळशी आहेत," मी म्हटलं. काय बोलणार दुसरं?

आमचा हराच मिस्त्री अम्मानचा, आर्मेनियन, तोंडात सिगारेट आणि बोलणं सिगारेटच्या कडेनं. त्यानं इंजेक्शनचा पंप उघडून पाहिला. "पेट्रोलचा आत सुकून डिंक झालाय. सहापैकी चार दट्टे अडकून बसलेत. आणि दट्ट्या नि त्याची नळी जोडीनंच घासून बसवलेली असते, ह्याची त्याला चालत नाही. ह्याच मॉडेलचा आख्खा पंप आण, मास्तर. नाहीतर कार्ब्युरेटर टाकतो, संध्याकाळी गाडी घरी ने."

"माझ्या बापाचे दात पाडून त्याला शेजाऱ्याची कवळी बसवू?" वस्फी म्हणाला.

"चावता तर येईल त्याला!" हराच म्हणाला. पण मास्तर ऐकतोय कुठला.

मग आमची वणवण सुरू झाली. माझी पिकअप, मी चालवणार, तो शेजारी बसून रस्ता चुकवणार. अम्मान झालं, इरबिद झालं, झरकाचं भंगार झालं. जिथं जावं तिथं एकच रड. इंजेक्शन? ते कोण ठेवतं, मामा? ज्यानं त्यानं कार्ब्युरेटर बसवला आणि पंप वितळवायला दिला. झरकातल्या एका दिवट्यानं तर ट्रकचा डिझेल पंप पुसूनबिसून पुढं केला. मी म्हटलं, "त्यापेक्षा विहिरीचा दे की रे, पाणी तरी येईल!" वस्फीनं मला दंडाला धरून बाहेर काढलं. त्यालाच हसू आवरत नव्हतं.

शेवटी हराचनंच पत्ता काढला. दिबान गावात हाज मुतलक म्हणून एक म्हातारा आहे, त्याच्या अंगणात अगदी हीच गाडी उभी आहे. इंजिनला कुणी हात लावलेला नाही.

आम्ही गेलो. अंगणात ऑलिव्हच्या झाडाखाली ताडपत्री, आणि ताडपत्रीखाली आमच्याच गाडीची बहीण. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी सल्तचा मास्तर, घरी हीच गाडी आहे, एवढंच वस्फीनं सांगितलं आणि हाज मुतलकनं स्वतः बॉनेट उचललं. धुळीखाली पंप जसाच्या तसा होता, एक नळीसुद्धा हललेली नाही. मी वस्फीकडे पाहिलं. लहान पोरानं मिठाईच्या काचेला नाक लावावं तसा तो वाकला होता.

म्हाताऱ्यानं बॉनेटवरून हात फिरवला. "हिच्यातनं मी माझी बायको आणली, कराकहून. तीही गेली, हीही थांबली. या, आत या."

आता आमच्याकडची रीत सांगतो. काही मागायला आलेला माणूस समोर आलेली कॉफी पीत नाही. कप तसाच खाली ठेवतो. मग यजमान म्हणतो, पी बाबा, मागशील ते दिलं. मग तो पितो. कप ओठाला लावला, म्हणजे तुझं काही मागणं नाही, तू नुसता पाहुणा.

हाजनं कप भरला, वस्फीच्या हातात दिला आणि हाताकडे बघत राहिला. मीही बघत राहिलो. ठेव, मी मनात म्हटलं, ठेव रे बाबा खाली. वस्फीनं कप उचलला आणि प्यायला.

हाजनं कॉफीचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाला, "कसं येणं केलंत?"

"असंच. इकडून चाललो होतो," वस्फी म्हणाला.

इकडून! दिबानवरून कुठं जातो रे तू, चंद्रावर?

"गाडी आवडलेली दिसते," हाज म्हणाला. "तुमचीच समजा. घेऊन जा."

"ज्याची आहे त्यालाच शोभते," वस्फी म्हणाला. असं म्हणतातच. घेऊन जा म्हणणं ही एक रीत, नको म्हणणं ही दुसरी. हाज पुन्हा म्हणाला, "मनापासून सांगतोय." वस्फी पुन्हा नको म्हणाला. तिसऱ्यांदा म्हातारा नुसता "मास्तर..." एवढंच म्हणाला. वस्फीनं छातीवर हात ठेवून मान लववली आणि रिकामा कप हलवून परत दिला. बास झालं, आणखी नको. मी तिथं काय बोलणार? मागणं ज्याचं, तोंडही त्यानंच उघडायला पाहिजे.

पिकअपमध्ये बसल्याबसल्या माझ्या डोक्यात तिडीक गेली. "गाढवा! महिने झाले मला ह्या देशभर फिरवतोयस, आणि समोर आल्यावर कॉफी ढोसतोस?"

"त्याचा हात पाहिलास का तू? बॉनेटवरचा?" वस्फी म्हणाला. "त्याचा जीव आहे त्या गाडीत. त्याचं काळीज काढून मी माझ्या गाडीत बसवू?"

"तो देत होता!"

"सगळेच देतात. मी काय लाज सोडलीय, खरं मानून घ्यायला?"

मी सल्तपर्यंत त्याच्याशी बोललो नाही. आणि खरं सांगू, मलाही म्हाताऱ्याचं बोलणं रीतीचंच वाटलं होतं. राग होता तो कॉफीचा.

उन्हाळाभर मी त्याच्यामागे टुमणं लावलं. पुन्हा जाऊ, ह्या वेळी कप खाली ठेव, पाहिजे तर मी तुझं मनगट धरतो. तो म्हणायचा, ईद होऊ दे. मग म्हणायचा, ऊन उतरू दे. एकदा नजलावहिनींनी मला दारात गाठलं. "भावजी, काल हे भिंतीला धडकले. कुणाला सांगू नका म्हणालेत." दुसऱ्या दिवशी मी त्याला न विचारता पिकअपमध्ये कोंबला.

दिबानच्या अंगणात ऑलिव्हचं झाड होतं. झाडाखाली तेलाचा काळा डाग होता आणि कोंबड्या होत्या. हाजचा थोरला मुलगा नहार बाहेर आला. बाप वारल्याचं त्यानं सांगितलं. आम्ही दुवा केली. मग त्यानं वस्फीकडे निरखून पाहिलं.

"सल्तचे मास्तर तुम्हीच का?"

"हो."

"या अल्ला! बाबा तुमची वाट बघत होते. गाडीला हात लावू नका म्हणायचे, तो मास्तर परत येईल, त्याचा जीव अडकलाय हिच्यात. म्हणायचे, माझी तर आता चालत नाही, निदान त्याच्या गाडीत तरी हिचं इंजिन वाजेल." नहार ओशाळला. "बाबांचा चाळिसावा दिवस होईपर्यंत आम्ही थांबलो, मास्तर. नाव माहीत नाही, फोन नाही. मग भंगारवाल्याचा ट्रक आला."

"पंपसुद्धा...?" मी विचारलं.

"सगळी वजनावर गेली, काका." मग तो वस्फीकडे वळला. "बाबांना एकच कळत नव्हतं. म्हणायचे, मागायला आला होता, तर मग कॉफी का प्यायला?"

वस्फी वळला. पिकअपपाशी आला आणि दाराची कडी चाचपू लागला. कडी त्याच्या समोर होती. बराच वेळ चाचपत होता. मी जाऊन दार उघडलं.

पंप शेवटी आला, जर्मनीहून. मुलानं, रामेझनं, कुठल्या तरी म्हाताऱ्या कारागिराकडून जुना पंप नवा करून घेऊन पाठवला. आला तेव्हा आमच्याकडे हिवाळ्याचा पाऊस लागला होता. हराचनं बसवला, चावी फिरवली, आणि गाडी अशी सुरू झाली की गल्लीतल्या बायका खिडकीत आल्या. वस्फीला आम्ही स्टिअरिंगसमोर बसवलं. तो चाकावर हात ठेवून ऐकत राहिला. समोरची भिंत त्याला दिसत नव्हती. हराचनं सिगारेट काढून हातात धरली आणि पाठ फिरवली.

"चल, मी चालवतो. खोऱ्यापर्यंत जाऊन येऊ," मी म्हटलं.

"आज नको," वस्फी म्हणाला. "उन्हाळ्यात बघू. रामेझ म्हणतो, नवं औषध आलंय."

"मग तर झालंच! उन्हाळ्यात तूच नेशील," मी म्हटलं. आम्ही दोघं असंच बोलायला लागलो होतो. औषध येईल, उन्हाळा येईल, तू चालवशील, मी शेजारी बसून ओरडेन. नजलावहिनी ऐकायच्या आणि आत निघून जायच्या.

मग एके सकाळी तो वहिनींचा हात धरून माझ्याकडे आला. चांगला कोट घातला होता. माझ्या बायकोनं, उम्म तैसीरनं, कॉफी केली, कप त्याच्या हातात दिला. त्यानं डाव्या हातानं टेबलाची कड शोधली आणि भरलेला कप खाली ठेवला.

मी कप त्याच्याकडे सरकवला. "अरे पी ना. काय सोंग हे! आपल्यात कसलं मागणं?"

"ह्या खेपेला ठेवला बघ," तो म्हणाला.

मला वाटलं, खोऱ्यात घेऊन चल म्हणणार. एवढंच ना! "मागशील ते दिलं, मास्तर. पी," मी म्हटलं.

"गाडी घे. कागदावर तुझ्या नावावर करायची. तुझ्या दारात उभी राहू दे, तू चालव."

सगळी नकाराची वाक्यं माझ्या जिभेवर तयार होती. ज्याची आहे त्यालाच शोभते. उन्हाळ्यात तूच चालवणार आहेस, वेड्या. पाठ असतात ती आम्हाला. नको म्हटलं असतं, तर उन्हाळा अजून यायचा राहिला असता. हो म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर सांगणं, की तू आता कधीच चालवणार नाहीस. उम्म तैसीर माझ्याकडे बघत होती. नजलावहिनी जमिनीकडे.

"घेतली," मी म्हटलं.

वस्फीनं मान हलवली. हातानं चाचपत कप शोधला आणि एका दमात प्यायला.

"गार झाली," तो म्हणाला, आणि कप हलवून परत दिला.