गुरुशांत महाराजाचं हळदीचं रक्त

मैंदर्गीच्या माळावर, पत्र्याच्या शेडात माणसं एकमेकांच्या अंगावर चढत होती. गुरुशांत महाराज आजारी लेकरांच्या तळहाताला भस्म चोळायचा, वर तांब्यातलं पिवळं तीर्थ सोडायचा, की तीर्थ लालभडक. "रक्त झालं!" म्हणून बायका रडायच्या. त्याची नखं मात्र मळकी.

माझी नात रुद्राणी थॅलेसेमियाची. तिच्या अंगात रक्त टिकत नाही, दर महिन्याला सोलापूरच्या दवाखान्यात चढवावं लागतं. या खेपेला माझ्या लेकानं, टॉवेलच्या कारखान्यातल्या शहाण्या सिद्धरामनं, दवाखान्याची तारीख बुडवून तिला इथं आणलेली. पोरीचे ओठ न रंगवलेल्या सुतासारखे पांढरे. मान आईच्या खांद्यावरून उचलत नव्हती.

"परक्याचं रक्त अंगात घालताय? कूळ बाटतं!" महाराज गरजला. "बाटली बंद करा. रक्त आमी देतो."

"ऐकलं का, आत्या?" सून पूनम कुजबुजली.

"ऐकलं की. नाव न सांगता आपलं रक्त देऊन गेला तो परका, आन् ह्यो काय माझा भाचा हाय व्हय?"

पोरीची आजी म्हणून त्यानं आधी माझ्या हातावर प्यायला तीर्थ सोडलं. भस्म लावायच्या आधीच ते लाल झालं! गर्दीनं मला हात जोडले. मी मात्र हसत सुटले. नुकतीच तंबाखू मळलेली, तळव्याला चुना तसाच होता.

"आगं बया! मी बी म्हाराज झाले की!"

त्याच्या भस्माची चिमूट जिभेला लावली. चरचरलं. चुनाच! अन् तीर्थ म्हणजे हळदीचं पाणी. हळदीला चुना लागला की लाल होते. जुन्या बायका कुंकू असंच करायच्या.

नैवेद्यातलं कापलेलं लिंबू उचलून लाल तळव्यावर पिळलं. पुन्हा पिवळं.

"घ्या! पळालं रक्त!"

"म्हातारे, कोप होईल!" महाराज ओरडला.

"होऊ दे की. आधी धुतलेल्या हातावर, भस्म न लावता करून दाव."

त्यानं तांब्या मांडीखाली सरकवला.

"सिद्धराम, गाडी काढ!"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सिद्धरामला चांगलंच झापलं. उशिरानं का होईना, रक्त चढलं. सकाळी रुद्राणी उठून बसली. "आजी, भजी दे," म्हणाली.

बायांनो, हळद अन् चुना तुमच्याही घरात आहे. हातावर करून बघा, हातच लाल होईल. लेकराचे ओठ लाल करायचे तर माणसाचंच रक्त लागतं, अन् ते दवाखान्यातच मिळतं.